शेरेबुक आणि मूल: बालगृहांच्या तपासणीचा इतिहास

अनाथ, निराधार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांचा इतिहास महाराष्ट्रात बहुतेक वेळा संस्थापकांच्या त्यागाचा आणि देणगीदारांच्या औदार्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या संस्थांच्या आत मूल सुरक्षित आहे की नाही हे कोण पाहत होते, किती वेळा पाहत होते, पाहताना काय विचारत होते आणि पाहिलेल्याचे पुढे काय होत होते, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू मात्र फारशी मांडली गेलेली नाही. कायद्याची कलमे, न्यायालयांचे निवाडे आणि तपासणीचे नमुने एकत्र ठेवून पाहिले, तर असे दिसते की तपासणीची तरतूद या संस्थांइतकीच जुनी आहे. उणीव नियमांची क्वचितच होती. तपासणारा माणूस आणि तपासली जाणारी संस्था यांच्यात पुरेसे अंतर नसणे, आणि तपासणारा दारातून आत आल्यावर त्याने अधीक्षकाच्या कचेरीतच बसून राहणे, या दोन गोष्टींनी तपासणी वारंवार निष्फळ केली.

मुंबई इलाख्यातील या व्यवस्थेची सुरुवात कंपनी सरकारच्या काळातली आहे. १८५० च्या उमेदवारी कायद्याने (हा कायदा धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब आणि अनाथ मुलांना कारागिराच्या हाताखाली ठरावीक मुदतीसाठी बांधून देण्याची सोय करणारा होता) मुलांच्या वतीने करार करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला. मूल एकदा कारागिराच्या घरी गेले की त्याच्याकडे नियमितपणे पाहायला कोणी जावे, अशी यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या बळावर मुंबईत औद्योगिक सुधारशाळा उभी राहिली, आणि पुढे माटुंगा परिसरात स्थिरावलेली ही संस्था या क्षेत्रातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक ठरली. ‘सुधारशाळा’ म्हणजे गुन्हा केलेल्या अल्पवयीन मुलाला प्रौढ कैद्यांत न ठेवता सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम असा एखादा धंदा शिकवणारी बंदिस्त शाळा. ती तुरुंगाहून वेगळी असावी ही कल्पना नवी होती. पण तिची भाषा, तिची कुलुपे आणि तिच्यावर देखरेख करणारे खाते तुरुंगाचेच होते.

१८७६ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांत ही छाया स्पष्ट दिसते. १८९७ च्या कायद्याने शाळा सुरू करण्यापूर्वी तुरुंग महानिरीक्षकाने ती पाहून प्रमाणपत्र द्यावे आणि त्यानंतर वर्षातून निदान एकदा तरी तिला भेट देऊन सरकारला अहवाल द्यावा, असे ठरवले. त्याने पाहायच्या गोष्टीही कायद्यातच मोजून दिल्या होत्या: रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची पुरेशी सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, धंदेशिक्षणाची साधने आणि आजारी मुलासाठी वेगळी जागा. ही यादी वाचताना तिचा प्रामाणिकपणाही जाणवतो आणि तिची मर्यादाही. तीत जे आहे ते सगळे मोजता येणारे आहे; महानिरीक्षकाला एकाही मुलाशी न बोलता तिचे प्रत्येक कलम पडताळता आले असते. त्यातल्या त्यात रात्री मुलांना वेगळे ठेवण्याचा आग्रह लक्षणीय म्हटला पाहिजे, कारण मोठ्या मुलांकडून लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचाराची जाणीव त्यामागे असावी. कायदा मात्र ते उघडपणे बोलत नाही.

याच कायद्यात एक दुसरी तरतूदही होती, आणि आजच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. जेथे अधीक्षकाबरोबर अभ्यागत समिती, म्हणजे बाहेरच्या नेमलेल्या सदस्यांची समिती असेल, तेथे तिने महिन्यातून किमान एकदा शाळेला भेट द्यावी, मुलांच्या तक्रारी ऐकाव्यात, शिक्षावही तपासावी, विशेष प्रकरणे महानिरीक्षकाच्या नजरेस आणावीत आणि कोणालाही बेकायदा अडकवून ठेवलेले नाही याची खात्री करून घ्यावी, असे तिचे काम ठरवले होते. शिक्षावही म्हणजे कोणत्या मुलाला कोणत्या कारणासाठी कोणती शिक्षा दिली याची नोंद असलेली वही. मुलाला मारणे त्या काळी गैर मानले जात नव्हते. नोंदीशिवाय मारणे गैर मानले जात होते. शिक्षावही ज्याच्या हातात, त्यानेच शिक्षा केलेली आणि त्यानेच ती लिहिलेली, ही अडचण कायदा करणाऱ्यांना दिसली नसेल असे नाही; तक्रारी ऐकण्याचे काम त्यांनी वहीच्या आधी मांडले आहे. पण शिक्षा करणाऱ्या अधीक्षकाच्या शेजारी उभे राहून बारा वर्षांचे मूल अनोळखी साहेबाला काय सांगणार होते, याचा विचार कलमात नाही. तक्रार ऐकताना अधीक्षकाने दूर राहावे एवढे एक वाक्य त्यात असते, तर पुढचा बराच इतिहास वेगळा घडू शकला असता.

सरकारी सुधारशाळांच्या समांतर, समाजसुधारकांनी काढलेल्या आश्रमांची परंपरा वाढत होती, आणि तिच्यावर सरकारची जवळजवळ नजर नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थनासमाजाच्या प्रेरणेने, न्यायाधीश म्हणून तेथे असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम सुरू झाला. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. या घरांचे संरक्षण गुप्ततेत होते. विधवेच्या पोटी जन्मलेले मूल आणि त्याची आई या दोघांनाही गावाच्या नजरेपासून वाचवायचे असल्याने बाहेरच्या माणसाला आत न येऊ देणे हाच तेथील सुरक्षेचा नियम होता, आणि त्या काळाच्या संदर्भात तो बरोबरही होता. मात्र या नियमाचा एक परिणाम दीर्घकाळ टिकला. संस्थेच्या आतल्या व्यवहाराची हमी म्हणजे संस्थापकाचे चारित्र्य, अशी समजूत समाजात रुजली, आणि संस्थेवर शंका घेणे म्हणजे त्या थोर व्यक्तीवर शंका घेणे असे मानले जाऊ लागले. संस्थापक गेल्यावर किंवा संस्था वाढल्यावर ही हमी कोण देणार, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

बाहेरच्यांची समिती नेमण्याचा एक लवकरचा प्रयोग पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचा होता. १८८९ मध्ये मुंबईत निघून पुढील वर्षी पुण्यास हललेल्या या संस्थेवर महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या प्रतिष्ठितांचे सल्लागार मंडळ होते, आणि १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे देऊन संबंध तोडला. त्या वादाचा विषय मुलींचे धर्मांतर हा होता. त्या काळच्या वृत्तपत्रांनीही संस्थेच्या आतल्या गोष्टींवर एवढी चर्चा केली ती मुलीच्या श्रद्धेच्या काळजीने. तिच्या अंगावर कोणी हात टाकतो का, ती रात्री कोठे झोपते, तिचे ऐकणारे कोणी आहे का, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या लेखनात अभावानेच येतात. जातीची आणि धर्माची सुरक्षितता ही त्या शतकाची मुलांच्या सुरक्षिततेची मुख्य कल्पना होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

विसाव्या शतकात दिशा बदलली ती तुरुंगसुधारणेच्या निमित्ताने. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना तुरुंगात पाठवू नये आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये असावीत असे सुचवल्यावर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये आपापला बालक कायदा केला. मुंबईच्या कायद्याने गुन्हेगार मुलांबरोबरच निराधार मुलेही आपल्या कक्षेत घेतली, आणि मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. १९२७ मध्ये मुंबईत बाल न्यायालय आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी अस्तित्वात आली. या संस्थेने डोंगरीच्या उमरखाडी भागात रिमांड होम चालवले, आणि पुढे मानखुर्द येथे तिचा मोठा परिसर उभा राहिला. ‘रिमांड होम’ म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत मुलाला तात्पुरते ठेवण्याची जागा. पुढे कायद्याने तिला निरीक्षणगृह म्हटले, पण लोकांच्या तोंडी रिमांड होमच राहिले, आणि आजही उनाड मुलाला धाक दाखवण्यासाठी तोच शब्द वापरला जातो. डोंगरीचे हे रिमांड होम जेथे आले ते आवार जुन्या तुरुंगाचे होते. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणातील १०१ दिवसांची शिक्षा भोगली तो हाच डोंगरीचा तुरुंग. मुलांना तुरुंगातून बाहेर काढण्यासाठी केलेल्या कायद्याची मुंबईतील पहिली महत्त्वाची वास्तू तुरुंगाची असावी, यामागे क्रूरपणा शोधण्याचे कारण नाही. शहरात कुंपण घातलेली सरकारी जागा तीच हाताशी असावी.

या टप्प्यावर तपासणीचे काम पुष्कळ प्रमाणात व्यावसायिक झाले. प्रमाणित शाळांसाठी (सरकारने मान्यता दिलेल्या आणि न्यायालय मुलांना जेथे पाठवू शकेल अशा शाळांसाठी) मुख्य निरीक्षकाचे पद होते. परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देणारे अधिकारी, नेमले जाऊ लागले. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, आणि मुलाशी कसे बोलावे हे शिकलेली माणसे प्रथमच या क्षेत्रात आली. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात मुलाच्या बापाची कमाई, आईचे आजारपण, चाळीतली खोली, शाळा सोडल्याचे कारण हे सगळे येत असे. मुलाच्या मागच्या आयुष्याबद्दल इतकी बारीक चौकशी करणारी ही व्यवस्था त्याच्या चालू आयुष्याबद्दल, म्हणजे संस्थेतल्या दिवसांबद्दल आणि विशेषतः रात्रींबद्दल, तशीच चौकशी का करत नव्हती, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. चौकशीचा विषय मूल होते आणि संस्था हा उपाय होता. उपायाचीच चौकशी करावी असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये नवा बालक कायदा केला, केंद्राने १९५६ मध्ये स्त्रिया आणि मुले यांच्या संस्थांना परवाना सक्तीचा करणारा आणि १९६० मध्ये अनाथालये व धर्मादाय गृहे यांच्यावर देखरेखीसाठी नियंत्रण मंडळाची तरतूद करणारा कायदा केला. या कायद्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे फार नाही. परवाना, अनुदान आणि लेखापरीक्षण या तीन शब्दांत त्यांची दृष्टी सामावते. अनुदान दरडोई मुलांच्या संख्येवर मिळत असल्याने तपासणी करणाऱ्याचा पहिला प्रश्न हजेरीपटावरची मुले प्रत्यक्षात आहेत का हा असे. तो प्रश्न सरकारी तिजोरीसाठी रास्तच होता, पण मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की साहेब आले म्हणजे रांगेत उभे राहून नाव सांगायचे. शेरेबुकात पुढे ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा पडे. ग्रामीण महाराष्ट्रातील शाळा, वसतिगृहे आणि बालगृहे या सर्वांत हे शेरेबुक होते, आणि त्यातील शेऱ्यांची भाषा इतकी ठरून गेलेली होती की एका संस्थेचे पान दुसऱ्या संस्थेच्या वहीत चिकटवले असते तरी फरक पडला नसता.

या साच्याला पहिला जोरदार धक्का दिला तो मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. सोळा वर्षांखालील मुलांना देशभरच्या तुरुंगांत ठेवले जाते हे त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आणले, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांनी दोन महिन्यांतून निदान एकदा जिल्हा तुरुंगाला भेट द्यावी आणि तेथील मुलांकडे विशेष लक्ष द्यावे असा आदेश दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात निकाल लागला. ते प्रकरण चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या मानखुर्द येथील निरीक्षणगृहाविषयी होते. मुलांना त्यांच्या पालकांकडे पोहोचवण्यात होणारा उशीर आणि त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम यांसारख्या तक्रारी त्यात होत्या. न्यायालयाने या संस्थेला राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्य’ मानावे, म्हणजे सरकारी यंत्रणेला लागू असलेली मूलभूत हक्कांची बंधने तिलाही लागू व्हावीत, असे म्हटले. या निवाड्यात नमूद केलेली एक साधी वस्तुस्थिती या लेखाच्या विषयासाठी फार बोलकी आहे: राज्याचे मुख्यमंत्री संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष आणि समाजकल्याण मंत्री उपाध्यक्ष होते. याचा अर्थ असा की समाजकल्याण खात्याचा निरीक्षक ज्या गृहाची तपासणी करायला जाई, त्या गृहाच्या लेटरहेडवर त्याच्या स्वतःच्या मंत्र्यांचे नाव असे. प्रतिष्ठा वाढावी म्हणून केलेल्या या रचनेत ‘समाधानकारक’ खेरीज दुसरा शेरा लिहिण्याचे धैर्य किती जणांत असेल?

१९८६ चा बाल न्याय कायदा (अंमल २ ऑक्टोबर १९८७ पासून) हा देशभर लागू झालेला या प्रकारचा पहिला कायदा होता. २००० च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांसाठी वयाची मर्यादा अठरा केली. या दुसऱ्या कायद्यातील दोन लागोपाठची कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकाने राज्य, जिल्हा आणि शहर पातळीवर निरीक्षण समित्या नेमण्याची तरतूद केली. दुसऱ्याने सरकारला ‘सामाजिक लेखापरीक्षण’ करवून घेण्याची मुभा दिली. लेखापरीक्षण म्हटले की हिशेबाच्या वह्या आठवतात. सामाजिक लेखापरीक्षणात ज्याच्यासाठी संस्था चालते त्याला तिचा उपयोग काय झाला आणि तिच्यापासून त्रास काय झाला, हे त्याच्याकडूनच ऐकून तपासले जाते. पहिले कलम कागदोपत्री पाळले गेले. दुसरे दीर्घकाळ पडून राहिले.

दरम्यान संस्थांच्या आतल्या गोष्टी बाहेर येत होत्या, पण निरीक्षण समित्यांमुळे नव्हे. गोव्यात मडगावला ‘गुरुकुल’ नावाने मुलांचे घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. त्या प्रकरणाच्या छायेत गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा करून स्वतंत्र बाल न्यायालय स्थापले. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून १०९८ क्रमांकाची चाइल्डलाइन सुरू झाली, आणि तिचे महत्त्व तांत्रिक नव्हते: मुलाला संस्थेच्या बाहेर, संस्थाचालकाला न विचारता, कोणाशी तरी बोलता येण्याची ही पहिली व्यापक सोय होती. कुलाब्यातील ‘अँकरेज’ या निवाऱ्यातील मुलांवर झालेल्या अत्याचारांचे प्रकरण २००१ मध्ये बालहक्क कार्यकर्ते आणि चाइल्डलाइन यांच्या प्रयत्नांतून न्यायालयापुढे आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही, हाच या तिन्ही निकालांमागचा खरा वाद होता.

महाराष्ट्राच्या दृष्टीने निर्णायक वळण २०१० नंतरचे आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील मृत्यूंच्या आणि छळाच्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेतील प्राध्यापक आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून राज्यभरच्या अशा गृहांची पाहणी करवली. या काळातच पनवेलजवळ कळंबोली येथील एका गृहात मतिमंद मुलींवर होत असलेले अत्याचार उघडकीस आले, आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकाला फाशीची शिक्षा सुनावली. ही गृहे परवानाधारक होती. त्यांच्याकडे हजेरीपट होते, शेरेबुके होती. आणि तेथील मुली अशा होत्या की त्यांतील काहींना बोलता येत नव्हते; त्यांना काय झाले हे समजून घ्यायला खुणा, चित्रे, विशेष शिक्षिका आणि पुष्कळ वेळ लागत होता. तासाभराच्या भेटीत ‘काही तक्रार आहे का’ असे सगळ्यांना एकत्र विचारून पुढच्या गृहाकडे गाडी वळवणाऱ्या तपासणीच्या पद्धतीचा फोलपणा याहून उघडपणे कोठेच दिसला नसेल.

या अनुभवांची छाप नंतरच्या नियमांवर पडली आहे, तशीच ती बाहेरून आलेल्या एका प्रवाहाचीही आहे. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील निर्वासित छावण्यांमध्ये मदतकार्य करणाऱ्यांकडूनच मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याचे संयुक्त राष्ट्रांचा निर्वासित विभाग आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्या पाहणीतून समोर आल्यावर आंतरराष्ट्रीय संस्थांनी स्वतःसाठी मानके ठरवली: लिखित बालसुरक्षा धोरण, नेमणुकीपूर्वी पार्श्वभूमीची पडताळणी, सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, तक्रारीचा ठरलेला मार्ग आणि ठरावीक काळाने स्वतःची तपासणी. परदेशी निधी घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या संस्थांना ही मानके देणगीदारांच्या अटी म्हणून स्वीकारावी लागली. काही संस्थांनी ती मनापासून अंगीकारली. अनेकांनी दुसऱ्याचे धोरण नाव बदलून आपल्या फाइलीत लावले. तरीही ‘आमच्यात असे होणार नाही’ या जुन्या गृहीतकाऐवजी ‘आमच्यातही होऊ शकते, मग कळणार कसे’ हा प्रश्न संस्थेने स्वतःला विचारायचा, ही रीत या मार्गाने आली हे मान्य करावे लागते.

कवडास-कळंबोलीच्या आधीच, २००७ च्या आदर्श नियमांत आलेली सूचनापेटी हे या बदलाचे लहानसे पण विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. पेटी कचेरीजवळ न ठेवता मुलांच्या राहण्याच्या खोल्यांजवळ ठेवावी. तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी. ती दर आठवड्याला त्याने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या प्रतिनिधीने मुलांच्या समितीच्या सदस्यांसमोर उघडावी. तातडीची बाब असल्यास व्यवस्थापन समितीची बैठक लगेच बोलवावी. प्रत्येक सूचना आणि तिच्यावर केलेली कारवाई सूचनावहीत लिहावी, आणि ती वही बालकल्याण समितीने किंवा बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांतून एकदा पाहावी. १८९७ च्या शिक्षावहीच्या शेजारी ही सूचनावही ठेवली तर फरक लक्षात येतो. पहिली अधीक्षक लिहीत असे, दुसरीची सुरुवात मुलाच्या हस्ताक्षरातील चिठ्ठीने होते, आणि किल्ली कोणाकडे असावी याचा विचार कायद्याने केला आहे. लिहिता न येणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न मात्र येथेही उरतो. २०१५ च्या कायद्याने शिक्षावहीचा विषयच निकालात काढला, कारण संस्थेतील मुलाला शारीरिक शिक्षा करणे हाच आता गुन्हा आहे: पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद.

२०१५ च्या कायद्याने निरीक्षण समितीचीही घडी बसवली. किमान तीन सदस्य, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी; तीन महिन्यांतून निदान एक भेट; आठवड्याच्या आत अहवाल; आणि त्यावर महिन्याभरात कारवाई. नोंदणी न करता मुले ठेवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांहून कमी नसलेला दंड किंवा दोन्ही. त्यापूर्वीच, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा लागू झाला होता, आणि त्याने अपराधाची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. संस्थेच्या प्रमुखाने असे लपवल्यास शिक्षा अधिक आहे. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी प्रकरण आतल्या आत मिटवण्याची जी सवय अनेक दशकांची होती, तिच्यावर कायद्याचा हा पहिला थेट घाव.

२०१७ च्या मे महिन्यात तमिळनाडूतील अनाथालयांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व बालसंस्थांची त्या वर्षअखेरपर्यंत नोंदणी आणि सामाजिक लेखापरीक्षण यांवर भर दिला. त्याच सुमारास बिहारच्या समाजकल्याण खात्याने आपल्या राज्यातील ११० संस्थांचे असे लेखापरीक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाकडे सोपवले, आणि मुंबईच्या देवनारमधून गेलेल्या या पथकाच्या २०१८ मधील अहवालाने मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार समोर आणले. या पथकाने वेगळे काय केले हे पाहिले तर ते फारच साधे आहे. कर्मचाऱ्यांना दूर ठेवून मुलींशी बोलणे, घाई न करणे, गृहात जेवढ्या जागा मुली वापरतात तेवढ्या सगळ्या पाहणे, आणि चांगल्या चाललेल्या गृहांचीही तितक्याच आस्थेने नोंद करणे. मुझफ्फरपूरच्या त्या गृहात सरकारी भेटी त्याआधीही होतच होत्या. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समितीचे पदाधिकारीही होते. ज्यांनी तपासायचे तेच गुन्ह्यात सामील होते.

या प्रकरणानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने देशभरच्या संस्थांचे लेखापरीक्षण हाती घेतले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने (अंमल १ सप्टेंबर २०२२ पासून) जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवले: नोंदणीपूर्वी संस्थेची पात्रता आणि क्षमता पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले. एकाच अधिकाऱ्याच्या खांद्यावर महसूल, निवडणूक, आपत्ती आणि बालगृहे असा भार टाकण्याची ही सोपी वाट आहे, आणि तिचे फळ जिल्ह्यागणिक वेगळे दिसेल. जिल्हाधिकारी बालगृहाच्या चालकांचा आश्रित नसतो, ही या रचनेची जमेची बाजू. त्याची बदली केव्हाही होऊ शकते, ही उणी बाजू.

बालगृहांभोवती शंभराहून अधिक वर्षे घडत आलेली ही यंत्रणा शाळांपर्यंत फार उशिरा पोहोचली. शाळा तपासणीत शिक्षकांची हजेरी, पटसंख्या आणि निकाल पाहिले जात. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोण जाते, तेथे कोणाची नेमणूक आहे, त्या माणसाची पडताळणी झाली आहे का, हे प्रश्न त्या नमुन्यात नव्हते. मार्च २०२२ मध्ये राज्य शासनाने शाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा निर्णय काढला, पण बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले तेव्हा अशा समित्या अनेक ठिकाणी कागदावरच असल्याचे दिसले. उच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली आणि शालेय सुरक्षेच्या उपायांसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. प्रत्यक्ष अपराधाचा आरोप असलेल्याबरोबरच, माहिती मिळूनही ती पोलिसांना न दिल्याच्या आरोपावरून शाळेच्या व्यवस्थापनातील व्यक्तींवरही पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.